पूल व्हायच्या आधी मोजून ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या आणि तेलंगणाच्या हद्दीवर, मांजरा नदीवर पूल होणार. वडील म्हणतात रस्त्यालगत ढाबा टाकू, मामा म्हणतात गावचा बाजार उठून पलीकडे तेलंगणातल्या बोधनला जाईल, आणि तुला एम.ए.च्या प्रकल्पात पुलाचा परिणाम लिहायचाय. कोणाचं खरं, असं विचारतोस. लेकरा, दोघांचंही खरं ठरू शकतं. किती, ते आज सांगता येणार नाही, कारण आज गावात काय चालतं तेच कोणी मोजलेलं नाही. पुलाचा पहिला खांब पाण्याबाहेर दिसायच्या आत मोजून ठेव. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळू नकोस.

आधी एक गैरसमज काढून टाक. पूल दोन परक्या मुलखांना जोडणार असं तू लिहिलंयस. तुझ्या पलीकडचा मुलूख परका कधी होता? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही महसुली मंडळं तोडून तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला, म्हणजे आजच्या तेलंगणाच्या बाजूला दिली गेली. मुधोळ आणि भैंसाचंही तसंच झालं. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. माणसं आजही जातात. उन्हाळ्यात पात्रातून, पावसाळ्यात लांबच्या वळशाने. म्हणून पूल झाल्यावर त्यावर दिसणारी सगळी गर्दी ‘नवी’ धरलीस तर तुझा प्रकल्प पहिल्याच पानावर चुकला. वळलेली वाहतूक वेगळी, नव्याने जन्मलेली वेगळी. पहिलीत फक्त डिझेल आणि वेळ वाचतो. दुसरीत रोजगार असतो. हा फरक पुलानंतरच्या आकड्यांतून कधीच निघत नाही. त्याला आधीचे आकडे लागतात.

मोजायचं कसं? सलग सात दिवस, चोवीस तास, आणि वर्षातून दोनदा: एकदा सुगीनंतर माल निघतो तेव्हा, एकदा रिकाम्या हंगामात. एका दिवसाची मोजणी आणून दाखवू नकोस; आठवडी बाजाराच्या दिवसाचा आकडा इतर दिवशी लागू पडत नाही. दुचाकी, ऑटो, जीप, ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो, दहा चाकी हायवा (वाळू-खडी वाहणारा मोठा टिपर), सगळं वेगळं लिही. दर काही गाड्यांमागे एक थांबवून चार प्रश्न विचार: कुठून निघालात, कुठे चाललात, आत काय आहे, परतताना काय आणणार. चौथा प्रश्न बहुतेक लोक गाळतात, आणि सगळं मर्म त्यातच आहे. परतफेरी रिकामी असेल तर जायचं-यायचं भाडं एकाच मालावर बसतं.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) मिळव. वीस-पंचवीस शेतकऱ्यांच्या, सोयाबीनच्या आणि हळदीच्या. भाव बघून हुरळू नकोस. पट्टीच्या तळाची रक्कम बघ. समज, आजचा मोंढा ६० किलोमीटरवर आहे आणि पुलाने पलीकडचा २५ वर येतो. टेम्पोला किलोमीटरला ३० रुपये, जाऊन-येऊन. वाचलेले ७० किलोमीटर म्हणजे २१०० रुपये. माल २० क्विंटल असेल तर क्विंटलला १०५ रुपये वाचले. आता पलीकडच्या आडत्याने क्विंटलला एक किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, धरला आणि भाव ४५०० असला, तर ४५ तिथेच गेले. वर हमाली, तोलाई, पैसे महिन्याने. उरलं काय ते शेतकऱ्याला विचारून लिही. अंतर कमी झालं म्हणजे फायदा झाला, असं मोघम वाक्य मला तुझ्या वहीत दिसता कामा नये.

धानाचा विचार वेगळा कर. तेलंगणात सरकारी खरेदी मोठी, आणि २०२४ च्या खरिपापासून बारीक धानाला क्विंटलमागे ५०० रुपये बोनस. पण तो तिथल्या जमिनीच्या कागदावर. खरेदीच्या दिवसांत इकडचं धान तिकडचे नाके अडवतात. पूल ट्रॅक्टरला वाट देईल, सातबाऱ्याला देणार नाही. बसचंही तसंच. दोन राज्यांत करार झाल्याशिवाय एसटी पुलावरून पलीकडे धावत नाही, आणि परवाना नसलेली जीप पकडली जाते.

हे कागदाचं महत्त्व लहान समजू नकोस. २०२१ सालचे दोन पूल बघ. आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरचा काझुंगुला पूल, बोत्सवाना आणि झांबियामधला, ९२३ मीटर. आधी तिथे तराफ्यासाठी ट्रक दिवसेंदिवस खोळंबायचे. पुलाबरोबर एकाच जागी दोन्ही देशांची तपासणी करणारा नाका उभा केला, आणि माल हलू लागला. दुसरा त्रिपुरातल्या सबरूमचा, बांगलादेशच्या हद्दीवर फेणी नदीवरचा मैत्री सेतू, १.९ किलोमीटर. तिथून बांगलादेशातलं चितगाव बंदर सुमारे ८० किलोमीटर. ९ मार्चला उद्घाटन झालं, आणि तीन वर्षांनंतरही त्यावरून नेहमीची वाहतूक सुरू नव्हती. त्या काँक्रीटमध्ये काही उणं नव्हतं.

आता वाळू. तुझ्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, याचा मला राग आला. मांजरेच्या लाल वाळूला हैदराबादेत गिऱ्हाईक आहे. अंतर कमी झालं की सर्वांत आधी हायवा धावतील, तुमची हळद नंतर. गाडीच्या आसावरचा (ॲक्सलवरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सुमारे सोळापट होतं. गावचा रस्ता त्या भारासाठी बांधलेला नसतो. आणि पुलाजवळचा उपसा वाढला की खांबांच्या पायाभोवतीची माती पुरात खरवडून जाते, पाया उघडा पडतो. नदीपात्राचे फोटो काढ, खांबांच्या जागेपासून वर आणि खाली पाचशे-पाचशे मीटर, तारीख टाकून. आज, उद्या नव्हे.

मला काही जण पुलांचा विरोधक म्हणतात. म्हणोत. बाळंतपणाची बाई पावसाळ्यात अलीकडेच अडकते, आठवीतल्या मुली जुलै-ऑगस्टमध्ये घरी बसतात, हे कळणारा माणूस पुलाच्या विरोधात कसा असेल? पूल हवाच. माझा हट्ट मोजण्याचा आहे. आमच्या पिढीने पुलांसाठी निवेदनं दिली, मोर्चे काढले, आणि एकाही पुलाआधी गावचा बाजार मोजला नाही. त्यामुळे नंतर दुकानं मिटली तेव्हा पुलाने मिटली की दुष्काळाने, हे आम्हाला सांगता आलं नाही, आणि सांगता येईना म्हणून मागताही काही आलं नाही. ही खंत मी तुझ्या डोक्यावर ठेवतोय हे मला कळतं. ठेवणारच. तुझे पाय अजून चालतात.

वडिलांच्या ढाब्याबद्दल: घाई करू नका. गाडी थांबते कुठे, ते पूल कुठे आहे यावर ठरत नाही, जोडरस्ता कुठे मिळतो यावर ठरतं. इकडच्या जोडरस्त्याचं भूसंपादन इकडच्या खात्याकडे, पलीकडचं पलीकडच्या. एक बाजू रखडली की पूल नदीच्या मध्यावर संपतो. दोन्हीकडची आखणी हातात आल्याशिवाय पैसा गुंतवू नका. आणि जमीन विकू तर मुळीच नका. गेल्या तीन वर्षांचे खरेदीदस्त नोंदणी खात्याच्या सूची-२ मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांच्या उताऱ्यात, बघ. रस्त्यालगत बाहेरच्या नावांनी घेतलेले गट किती निघतात ते गावात वाचून दाखव.

बाजार सोमवारी भरतो ना? मग या सोमवारी सकाळी सातला पारावर बस. शंभर पानी वही घे. किती पालं पडली, कोण कुठल्या गावचं, काय विकतं, दुपारी उठताना किती माल उरला, असे चार रकाने आख. तीन सोमवार झाले की पानांचे फोटो पाठव. पाचवा रकाना कशाचा घालायचा ते पानं बघून सांगतो.

तुझा,
काका