एफए कप जिंकल्यानंतरही एरिक टेन हाग यांना मँचेस्टर युनायटेडने निरोप द्यायला हवा होता का?

आपण विचारले आहे की मे २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने एफए कप जिंकला असतानाही व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) एरिक टेन हाग यांना काढून टाकण्याची मागणी योग्य होती का. आपल्या मित्राचे म्हणणे असे की पुढे क्लबचे सर्वांत यशस्वी व्यवस्थापक ठरलेल्या ॲलेक्स फर्ग्युसन यांनाही पहिल्या काही वर्षांत अपयश आले होते आणि क्लबने धीर धरला, तेव्हा टेन हाग यांनाही तेवढाच वेळ मिळायला हवा होता. माझे उत्तर असे की त्यांना त्याच उन्हाळ्यात निरोप द्यायला हवा होता. त्यांना ठेवायचेच होते, तर पूर्ण विश्वासाने ठेवायला हवे होते. क्लबने यांपैकी काहीच केले नाही आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले.

टेन हाग यांच्या बाजूने बोलणाऱ्या चाहत्यांना त्या वेळी भाबडे ठरवले गेले, ते मला पटत नाही, कारण त्यांची बाजू भक्कम होती. नेदरलँड्सच्या अयाक्स क्लबमधून आलेल्या या माणसाने २०२२-२३ च्या पहिल्याच मोसमात संघाला तिसऱ्या क्रमांकावर नेले आणि लीग कप जिंकून देऊन करंडकाविना गेलेली सहा वर्षे संपवली. क्रिस्तियानो रोनाल्डोने क्लबविरुद्ध जाहीर मुलाखत दिली तेव्हा ते डगमगले नाहीत. दुसऱ्या मोसमात दुखापतींनी बचावफळी पार मोडून गेली. लिसांद्रो मार्तिनेझ आणि ल्यूक शॉ बहुतांश काळ बाहेर होते, टायरेल मालासिया संपूर्ण मोसमात एकही सामना खेळू शकला नाही आणि कासेमिरोसारख्या मध्यरक्षकाला अनेकदा बचावफळीच्या मध्यभागी उभे करावे लागले. एवढे होऊनही २५ मे २०२४ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याच शहरातल्या मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवले गेले आणि युनायटेडचे दोन्ही गोल अलेहान्द्रो गार्नाचो आणि कोबी मेनू या एकोणीस वर्षांच्या मुलांनी केले. या मुलांना मुख्य संघात स्थिर करण्याचे श्रेय टेन हाग यांचेच आहे.

त्या अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी, निकाल काहीही लागला तरी त्यांना काढले जाणार असल्याची बातमी एका ब्रिटिश वृत्तपत्राने दिली होती. सामना जिंकल्यावर टेन हाग यांनी सांगितले की क्लबला मी नको असेन तर मी दुसरीकडे जाऊन करंडक जिंकेन. त्या रात्री त्यांच्याविषयी आदर वाटला नाही असा युनायटेडचा चाहता विरळाच असेल. मी कोल्हापूरचा आहे, पेठापेठांच्या संघांवरून शाहू स्टेडियममध्ये होणारे वाद ऐकतच वाढलो आहे. करंडक हातात असलेल्या प्रशिक्षकाविरुद्ध बोलणे चाहत्याला किती जड जाते, हे मला ठाऊक आहे.

तरीही मी विरोधी बाजूला होतो, आणि त्याचे कारण गुणतालिकेतील आठवा क्रमांक एवढेच नव्हते. प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च श्रेणीची लीग सुरू झाल्यापासून युनायटेडचा तोपर्यंतचा तो नीचांक होता. चौदा सामने गमावले होते आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल अधिक होते. पण दुर्दैवाने किंवा दुखापतींनीही एखाद्या मोसमाचे आकडे बिघडू शकतात. मला खटकत होती ती एक विशिष्ट चूक, जी ऑगस्टमध्ये दिसली, डिसेंबरमध्ये दिसली आणि मे महिन्यातही तशीच होती. आघाडीचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंवर दाब टाकण्यासाठी वर धावत, बचावफळी मात्र आपल्या पाठीमागे वेगाने टाकल्या जाणाऱ्या चेंडूच्या धास्तीने आपल्या गोलकडे सरकून उभी राही, आणि या दोन फळ्यांच्या मधले सारे मैदान एक-दोन मध्यरक्षकांच्या भरवशावर मोकळे सुटे. प्रतिस्पर्ध्याने पहिला दाब एका पासमध्ये चुकवला की समोर तीस-चाळीस मीटरची मोकळी वाट असायची. वयाच्या बत्तिशीत आलेल्या कासेमिरोने ती वाट एकट्याने अडवावी, ही अपेक्षाच अवास्तव होती. लोक मात्र दर आठवड्याला त्याच्या नावाने बोटे मोडत राहिले.

याचा परिणाम असा झाला की ३० मार्चला ब्रेंटफर्डने युनायटेडवर तब्बल ३१ फटके मारले आणि सामना १-१ असा सुटला. पाचच दिवसांनी चेल्सीविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतही युनायटेड ३-२ असा पुढे होता, आणि कोल पामरने दोन मिनिटांत दोन गोल करून सामना ४-३ असा फिरवला. मे महिन्याच्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसने ४-० असे धुतले. दुखापतींमुळे खेळाडूंचा दर्जा खालावतो हे खरे, पण खेळाडू कमी असतील तर बचावफळी आणि आघाडी यांच्यातले अंतर कमी करणे, सगळ्यांनीच थोडे मागे थांबणे, हा साधा उपाय कोणत्याही व्यवस्थापकाच्या हातात असतो. तो उपाय टेन हाग यांनी लीगमध्ये सातत्याने कधी केला नाही. सिटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र त्यांनी नेमके हेच केले, संघ आखडून बसवला, प्रतिहल्ल्यावर भर दिला आणि सामना जिंकला. म्हणूनच त्या विजयाचा आनंद होत असताना मला अधिक वाईट वाटले, कारण जे एका दुपारी जमले ते अडतीस सामन्यांत का केले नाही, याचे उत्तर मिळत नव्हते.

शिवाय एफए कप ही बाद फेरीची स्पर्धा आहे आणि तिचे निकाल वाचताना सावध राहावे लागते. उपांत्य सामन्यात दुसऱ्या श्रेणीतील कोव्हेंट्री सिटीविरुद्ध युनायटेड ३-० असा पुढे होता. कोव्हेंट्रीने ३-३ अशी बरोबरी केली आणि अतिरिक्त वेळेच्या अखेरच्या क्षणी चौथा गोलही मारला. व्हिडिओ पंचांनी तो किंचितशा ऑफसाइडमुळे, म्हणजे कोव्हेंट्रीच्या खेळाडूचा पाय शेवटच्या बचावपटूच्या जरासा पुढे असल्याने, रद्द केला आणि युनायटेड पेनल्टी शूटआउटमध्ये वाचला. तो पाय काही इंच मागे असता, तर टेन हाग यांचे काय करावे यावर कोणी वादच घातला नसता. एखाद्या व्यवस्थापकाच्या दोन वर्षांच्या कामाचा निर्णय अशा इंचांवर सोपवणे मला चुकीचे वाटते, मग तो निर्णय त्याच्या बाजूने लागो वा विरुद्ध.

आता फर्ग्युसन यांच्याविषयी, कारण आपल्या मित्राचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले, पहिल्या पूर्ण मोसमात दुसऱ्या क्रमांकावर राहिले, पुढच्या मोसमात अकरावे आणि १९८९-९० मध्ये तेरावे. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीने त्यांना ५-१ असे हरवले आणि त्याच हिवाळ्यात ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर त्यांना निरोप देणारा फलक झळकला. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सच्या गोलने ते बचावले, असे चाहते आजही सांगतात. पण तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी पुढे अनेकदा सांगितले की तो सामना हरला असता तरी फर्ग्युसन यांना काढले जाणार नव्हते. एडवर्ड्स यांना धीर धरता आला, कारण धीर धरण्याजोगे काही त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. फर्ग्युसन यांनी तरुण खेळाडू शोधणाऱ्यांचे जाळे नव्याने विणले होते, चौदा वर्षांच्या रायन गिग्जला क्लबशी जोडून घेतले होते, संघातील मद्यपानाच्या सवयीला हात घातला होता, त्यासाठी पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड यांच्यासारखे चाहत्यांचे लाडके खेळाडू विकले होते आणि गॅरी पॅलिस्टर व पॉल इन्स यांना आणले होते. निकाल वाईट होते, पण पाया रचला जात होता. २०२४ मध्ये तशा पायाकडे बोट दाखवता येईल असे मेनू आणि गार्नाचो यांच्याखेरीज फारसे काही नव्हते. उलट अँटनीसारख्या खेळाडूवर, टेन हाग यांच्याच जुन्या क्लबमधून, सुमारे साडेनऊ कोटी युरोंची रक्कम खर्च झाली होती आणि तिचे फळ दिसत नव्हते.

धीराचे खरे अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मी आर्सेनलच्या मिकेल आर्तेता यांचे देईन. २०२१-२२ च्या मोसमाची सुरुवात त्यांनी सलग तीन पराभवांनी केली, त्यांत सिटीने केलेला ५-० हा पराभवही होता, आणि त्याआधीच्या दोन्ही मोसमांत संघ आठवा आला होता. त्यांना काढा असे ओरडणारे चाहते तेव्हा हजारोंनी होते. पण त्याच उन्हाळ्यात क्लबने तेवीस किंवा त्याहून कमी वयाचे सहा खेळाडू घेतले होते, आणि आधीच्या मोसमाच्या उत्तरार्धात संघाची बचावातील शिस्त स्पष्टपणे सुधारली होती. व्यवस्थापक, खेळाडूंची खरेदी आणि संचालकांची भूमिका या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जात होत्या. त्या मोसमात संघ पाचवा आला आणि पुढे सलग तीन वेळा दुसरा.

युनायटेडमध्ये नेमका हा एकोपा नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी क्लबमधील चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला होता. मुख्य कार्यकारी अधिकारी ओमर बेराडा आणि क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ जुलैमध्ये रुजू व्हायचे होते. म्हणजे व्यवस्थापकाचा निर्णय ज्यांनी घ्यायचा ते पूर्णपणे जागेवरही नव्हते. अंतिम सामन्यानंतर कित्येक दिवस आढावा चालला, त्या काळात इतर प्रशिक्षकांशी बोलणी झाली आणि ही गोष्ट टेन हाग यांनी स्वतः नंतर जाहीरपणे सांगितली. मग पर्याय पटला नाही म्हणून त्यांनाच ठेवले आणि ४ जुलैला त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. दुसऱ्याला शोधून झाल्यावर आपल्याकडे परतलेल्या मालकांचा अधिकार घेऊन ड्रेसिंग रूममध्ये उभे राहणे कोणत्याही व्यवस्थापकाला अवघडच जाईल.

या क्लबची ही जुनी खोड आहे, आणि चाहत्यांच्या वादात ती पुरेशी बोलली गेली नाही, असे मला वाटते. आधीचे व्यवस्थापक जोसे मोरिन्यो यांना जानेवारी २०१८ मध्ये नवा करार मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. त्यांच्या जागी आलेल्या ओले गुन्नार सोल्सकियार यांना जुलै २०२१ मध्ये करार मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये ते गेले. टेन हाग यांचा करार जुलैमध्ये वाढला आणि २८ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमविरुद्धच्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना काढले गेले. तेव्हा नऊ सामन्यांत अकरा गुण होते आणि संघ चौदाव्या स्थानी होता. दरम्यान नव्या खेळाडूंवर सुमारे वीस कोटी पौंड खर्च झाले होते आणि त्यांतले मात्थाइस डी लिख्त व नुसैर मझरावी हे टेन हाग यांच्या अयाक्समधील जुन्या संघातले होते. टेन हाग व त्यांच्या सहकाऱ्यांना काढण्यासाठी क्लबला एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. त्यांना ठेवण्याचा निर्णय चुकला, हे रॅटक्लिफ यांनी पुढे स्वतः मान्य केले.

मोसमाच्या मध्यावर व्यवस्थापक बदलल्याने संघ सुधारतो, ही समजूत चाहत्यांमध्ये घट्ट आहे. डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास करून दाखवले की वाईट काळानंतर संघ सावरतात खरे, पण ज्यांनी व्यवस्थापक बदलला नाही असे संघही जवळपास तितकेच सावरतात. युनायटेडला तर तेवढाही लाभ झाला नाही. टेन हाग यांच्या जागी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमधून आलेल्या रुबेन आमोरिम यांनी आपल्याला मोसम संपल्यावर यायचे होते असे उघडपणे सांगितले होते. त्यांची पद्धत तीन बचावपटूंची, आणि हाती मिळालेला संघ चार बचावपटूंच्या रचनेसाठी नुकताच विकत घेतलेला. सराव करायला आठवड्यात जेमतेम एक-दोन दिवस मिळत. तो मोसम युनायटेडने पंधराव्या स्थानी ४२ गुणांवर संपवला, आणि युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात ते टॉटनहॅमकडून हरले. मे २०२४ मध्ये नवा माणूस आणला असता, तर त्याला पूर्ण उन्हाळा मिळाला असता आणि ते वीस कोटी पौंड त्याच्या पद्धतीला साजेशा खेळाडूंवर खर्च झाले असते. माझे मत याच कारणाने आजही कायम आहे.

आपल्या मित्राला एक गोष्ट मात्र मी मोकळ्या मनाने मान्य करीन. २०२५ च्या उन्हाळ्यात टेन हाग जर्मनीतील बायर लेव्हरकुझेन क्लबला गेले आणि बुंडेसलीगा या जर्मन लीगचे केवळ दोन सामने झाल्यावर, १ सप्टेंबरला, त्यांना तिथूनही काढण्यात आले. फ्लोरियान विर्ट्झ, ग्रानिट झाका, योनाथान टा असे संघाचे आधारस्तंभ त्याच उन्हाळ्यात क्लब सोडून गेले होते. नव्या खेळाडूंची नावे एकमेकांना पाठ होण्याआधी घेतलेल्या त्या निर्णयाचे समर्थन मला कोणत्याही निकषावर करता येत नाही, आणि तिथे वेळ द्यायला हवा होता असे आपले मित्र म्हणत असतील, तर मी पूर्णपणे त्यांच्याच बाजूचा आहे.