प्राणी उद्यानातील फ्लेमिंगो गुलाबी, मग त्यांची पिल्ले राखाडी का? ती आजारी असतात का?

नाही, ती आजारी नसतात. फ्लेमिंगोचे पिल्लू राखाडी किंवा पांढुरक्या पिसांनिशीच जन्माला येते आणि पूर्ण गुलाबी होण्यास त्याला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. हा रंग जन्मजात नसून आहारातून येतो: शेवाळ आणि लहान कवचधारी जलचर यांमधील कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये यकृतात रूपांतरित होऊन नव्याने उगवणाऱ्या पिसांत साठतात, आणि म्हणूनच प्राणी उद्यानांत त्यांच्या खाद्यात कँथाझँथिनसारखे रंगद्रव्य मुद्दाम मिसळले जाते. त्याहून विलक्षण भाग पालकांचा आहे. नर आणि मादी दोघेही अन्ननलिकेच्या वरच्या भागात तयार होणारे लालसर, पौष्टिक ‘दूध’ पिल्लाच्या चोचीत थेंबाथेंबाने सोडतात (पिल्लाची चोच तेव्हा सरळ असते, तिला बाक नंतर येतो), आणि त्या दुधावाटे रंगद्रव्य निघून गेल्याने संगोपनाच्या काळात पालक स्वतःच फिकट दिसू लागतात. मात्र फिकेपणावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण ग्रेटर फ्लेमिंगो ही जात मुळातच पांढरट-गुलाबी असते, तर कॅरिबियन फ्लेमिंगो गडद नारिंगी-गुलाबी असतो.