वाचक विचारतात : मोठ्या बोअरची रायफल निवडताना

प्रश्न : पुढच्या वर्षी झिम्बाब्वेत परवान्यावर केप बफेलोच्या शिकारीला जायचं ठरतंय. आजवर हाताळली ती फक्त इशापूरची .३१५, तीही रेंजवर. .३७५ निवडू, .४१६ की सरळ .४५८? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम. (हे आकडे म्हणजे गोळीचा इंचांतला व्यास.) १९१२ सालचं काडतूस आहे, पण अजून त्याला हटवणारं कुणी भेटलेलं नाही. ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण २,५०० फुटांनी निघते, ऊर्जा ४,२०० फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे ५,७०० ज्यूल. झिम्बाब्वेत हत्ती, बफेलो आणि पाणघोड्यासाठी किमान ५,३०० ज्यूल आणि ९.२ मिलिमीटर व्यासाच्या गोळीची अट आहे. .३७५ दोन्हींत बसते.

.४१६ रिग्बी ४०० ग्रेनची गोळी जवळपास २,४०० फुटांनी फेकते आणि .४५८ लॉट ५०० ग्रेनची २,३०० फुटांनी. जवळून अंगावर येणारा रेडा थांबवायला त्या सरस आहेत, यात वाद नाही. अडचण खांद्याची आहे. नेहमीच्या शिकारी .३०-०६ काडतुसाचा धक्का २० फूट-पौंडांच्या घरात असतो. नऊ पौंडी .३७५ चा ४० च्या आसपास, .४१६ चा ६० च्या आसपास आणि लॉटचा ७० च्या घरात. धक्क्याची धास्ती बसली की चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात, मनगट आवळतं आणि गोळी खाली जाते. पोटात लागलेल्या .४५८ पेक्षा छातीत नीट बसलेली .३७५ केव्हाही बरी. शिवाय तुमच्या मागे व्यावसायिक शिकारी त्याची जड रायफल घेऊन उभा असतोच.

आणि विकत घेण्याची घाई कशाला? एका सफारीसाठी इथून शस्त्र नेण्या-आणण्याचे कागद जमवण्यापेक्षा तिथल्या आउटफिटरची (सफारी घडवून आणणाऱ्याची) भाड्याची .३७५ घ्या. बुकिंगच्या वेळीच विचारा : बोल्ट उजवा की डावा, दुर्बीण किती पटीची आणि गोळी कुठली. पहिला बार काढायला बाँडेड सॉफ्ट (कवचाला शिसं चिकटवलेली, फुलणारी) किंवा अखंड तांब्याची फुलणारी गोळी, त्याखाली मॅगझिनमध्ये सॉलिड (न फुलणारी), हा जुना क्रम अजून चालतो.

प्रश्न : भाचा प्रिटोरियात स्थायिक आहे, तिथला परवाना आहे. त्याला जुनी .४१६ बोल्ट-अ‍ॅक्शन मिळतेय. काय तपासून घ्यावं? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : नळीची चमक शेवटी बघा. आधी बघायचं ते काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) कसं जातं ते.

टोपी आणि बारूद नसलेली डमी काडतुसं घेऊन जा, पण गोळी तीच हवी जी भाचा पुढे वापरणार आहे. गोल नाकाची गोळी लोण्यासारखी आत जाते, तीच रायफल चपट्या नाकाच्या सॉलिडला चेंबरच्या खालच्या कडेवर अडवते. मॅगझिन पूर्ण भरा. एकदा जोरात बोल्ट चालवा, एकदा अगदी सावकाश. सावकाश चालवताना दोष लवकर उघडा पडतो.

मग बोल्ट अर्धाच पुढे न्या आणि मागे ओढा. मॉझर ९८ घराण्याच्या रायफलीत काडतूस मॅगझिनमधून सुटताच त्याची कड पंजासारख्या एक्स्ट्रॅक्टरखाली सरकते, त्यामुळे ते बोल्टबरोबर मागे येऊन बाहेर पडायला हवं. पुश-फीड रायफलीत बोल्ट पूर्ण मिटेपर्यंत पकड बसत नाही. घाबरलेल्या माणसाने मध्येच बोल्ट मागे ओढला, तर पहिलं काडतूस पुढेच राहतं आणि दुसरं त्याच्या बुडावर जाऊन आदळतं. बफेलो वीस पावलांवर असताना हा गुंता सोडवायला वेळ कुठला? म्हणून या कामाला मॉझरसारखी कंट्रोल्ड फीडच घ्यावी.

आणखी एक. काही जण चेंबरमध्ये हाताने एक जास्तीचं काडतूस टाकून वर बोल्ट दाबतात. पंजाला कडेवर चढण्यासाठी तिरकी घासणी दिलेली नसेल, तर त्याचा टवका उडतो. डमी टाकून हळूच दाबून बघा. अडलं तर जबरदस्ती नको.

दस्त्यात टँगच्या (रायफलीच्या लोखंडी भागाच्या मागच्या टोकाच्या) मागे केसाएवढी चीर आहे का, ते उजेडात तिरकं धरून पाहा. मोठ्या बोअरचा दस्ता आधी तिथेच फाटतो. दस्त्यातून आरपार दोन आडवे नट-बोल्ट आणि नळीखाली दुसरा रिकॉइल लग (धक्का पेलणारा खुंट) असेल तर उत्तम. पट्ट्याची कडी दस्त्यावर नको, नळीवरच्या कड्यात हवी. नाहीतर धक्क्याने ती पुढच्या हाताची बोटं सोलते.

शेवटी रेंजवर मॅगझिन भरून वरच्या दोन-तीन गोळ्या झाडा आणि तळाचं काडतूस काढून व्हर्नियरने मोजा. लांबी घटली असेल तर गोळी पुंगळीत आत सरकतेय, म्हणजे क्रिम्प (पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड) कच्ची आहे. याच वेळी मॅगझिनचं तळझाकण आपोआप उघडत नाही ना, तेही कळतं.

.४१६ ची ही रायफल रिग्बी काडतुसाची की रेमिंग्टन, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गोळी आणि वेग जवळपास सारखेच. पण रिग्बीची पुंगळी मोठी, म्हणून दाब बराच कमी. रेमिंग्टन तेच काम जास्त दाबावर करते, पण तिला .३७५ च्या लांबीची अ‍ॅक्शन पुरते आणि रायफल स्वस्त पडते. प्रिटोरियाच्या जुलैतल्या गारठ्यात काठोकाठ भरलेलं काडतूस झांबेझीच्या खोऱ्यातल्या ऑक्टोबरच्या उन्हात दाब वाढून बोल्ट जाम करू शकतं. निफाडकरांना थंडी-उन्हातला फरक वेगळा सांगायला नको!

प्रश्न : उसात बिबट्या येतो. पीकरक्षणाच्या परवान्यावरची .३१५ चालेल का? (एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही पकडणं वा बेशुद्ध करणं शक्य नसेल तरच. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : दुर्बिणीने भुवई फुटते म्हणतात. टाळायचं कसं? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : डोळा आणि काच यांत किमान ३.५ इंच अंतर मिळेल अशी, १ ते ४ पटीची दुर्बीण घ्या. जास्त पटीची इथे उपयोगाची नाही, बार बहुधा शंभर यार्डांच्या आतच होतो. भुवई फुटते ती बहुतेक बाकावर वाकून झाडताना, कारण मान पुढे गेलेली असते आणि खांद्याला मागे जायला वाव नसतो. झिरो करण्यापुरताच (दुर्बीण आणि गोळीचा नेम जुळवण्यापुरताच) बाक वापरा, तोही खांद्यावर जाड गादी ठेवून. बाकीचा सराव उभ्याने, तीन पायांच्या काठीवर. दिवसाला दहा गोळ्या पुष्कळ झाल्या, उरलेली मेहनत .२२ वर करा. घरी डमीवर सराव करताना बोल्ट खांद्यावरूनच, गाल न उचलता चालवायची सवय लावा.