कोल्हापूरहून मालवणला गाडीने जाताना कोणता घाट घ्यावा? वाटेत थांबण्यासारखं काही आहे का?

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: घाट कोणता, वाटेत काही आहे का, लवकर निघून दुपारी थेट मालवणातच जेवावं का, आणि राहावं कुठे. त्यातलं "वाटेत बघण्या-खाण्यासारखं काही नाही असं ऐकलंय" हे वाक्य मला लागलं. हेच वाक्य आमचे दाजी डिसेंबर २०१९ मध्ये रंकाळ्यापाशी गाडी सुरू करता करता बोलले होते. त्यावरून आमचा जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

घाटाचं आधी सांगून टाकतो. फोंडा घाट. राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली, कसाल करून मालवण. साधारण दीडशे किलोमीटर. गगनबावड्याहून करूळने उतरता येतं, आजऱ्याकडून आंबोलीनेही जाता येतं, दोन्ही सुंदर आहेत. आंबा घाट रत्नागिरीचा, तुमच्या कामाचा नाही. पण डिसेंबरात घरच्यांना घेऊन निघालाय ना, मग फोंडाच.

आता त्या दिवसाचं. ताई, दाजी आणि त्यांच्या दोन मुली ठाण्याहून आलेल्या, आमच्या घरचे तिघे, असे सात जण एका गाडीत. दाजींचा हिशेब पक्का होता: सातला मिसळ खाऊन निघायचं, बाराच्या आत मालवण, गर्दी व्हायच्या आधी मासळीची थाळी. मी म्हटलं, आत्ती वाट बघत्येय, राधानगरीच्या अलीकडे. ते म्हणाले, पाणी पिऊन निघू.

पुईखडी ओलांडून हळदी गावाच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना ऊस. गुऱ्हाळाचा धूर दिसला तसा पोरींनी हट्ट धरला, म्हणून थांबलो. काहिलीत रस रटरटत होता, गुळव्या मळी काढत होता, चुलवाणात चिपाडं चालली होती. मोठ्या भाचीने विचारलं, आमच्या दुकानातला गूळ असा का दिसत नाही? गुळव्याने तिला रानभेंडीच्या रसाने मळी कशी वर येते ते दाखवलं आणि उसाच्या कांडक्यावर गरम गूळ काढून दिला. दाजी गाडीतच बसून होते. मला ते तेव्हाच खटकलं.

आत्तीच्या दारात पोचलो तेव्हा पावणेदहा. रविवार. शेतावरचं घर साडेदहाला जेवतं, त्यामुळे चूल पहाटेच पेटलेली. दाजी उंबऱ्यातूनच म्हणाले, "आत्या, आमची मिसळ झालीय, आणि पोरींना तुमचं तिखट सोसायचं नाही." आत्ती म्हणाली, "तिखाट कुणी घाटलंय? भाकरी तव्यावर हाय, हात धुवा." आणि धाकटीच्या पुढ्यात तिने अळणीची वाटी ठेवली.

कोल्हापूरच्या बाहेर हे कुणाला माहीतच नसतं म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आमच्याकडे मटण आधी आलं-लसूण, हळद, मीठ लावून शिजतं. त्याचं पाणी म्हणजे अळणी. ते आधी लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, आजारी माणसाला. त्याच अळणीत नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू यांचं वाटण आणि खडा मसाला पडला की पांढरा रस्सा. त्यात चटणीचा कणही नाही. तांबडा वेगळा, त्यात कांदा-लसणीची चटणी. ती उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची करून ठेवतात: सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, कांदा, तिखटपणाला जवारी मिरची आणि रंगाला ब्याडगी, सगळं भाजून डंकावर कुटून आणायचं. म्हणजे ताटात पांढरा आणि तांबडा शेजारी असतात, कुणी किती तिखट खायचं ते ज्याचं तो ठरवतो. लाल तर्री ओतून केलेली 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी माझ्या आईने, आत्तीने, आमच्या गल्लीतल्या एकाही बाईने कधी केलेली नाही. ते हॉटेलांनी काढलेलं नाव आहे आणि त्यापायी आमच्या जेवणाची बदनामी झाली आहे.

धाकटीने दोन वाट्या अळणी प्यायली. मग पांढरा मागितला. ताई आत्तीच्या मागे चुलीपाशी बसून राहिली, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा वेळ. दाजींनी एक भाकरी खाल्ली आणि तीनदा घड्याळ बघितलं. निघताना आत्तीने काकवीची बाटली दिली. तिला ते घड्याळ बघणं दिसलं होतं, ती काही बोलली नाही.

पुढे राधानगरी धरणापाशी मी गाडी थांबवायला लावली तेव्हा खरं भांडण झालं. "धरण काय, कुठलंही बघता येतं," दाजी म्हणाले. कुठलंही नाही. त्याच वर्षी ऑगस्टात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि किती उघडले हे आम्ही माळ्यावर बसून मोबाईलवर ऐकत होतो. या धरणातून भोगावती नदीचं पाणी पंचगंगेला येतं आणि पंचगंगेचं आमच्या पेठेत. हेच धरण शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी संस्थानच्या पैशातून बांधायला काढलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरंच होतं. या जिल्ह्यातला ऊस, गूळ, मघाचं गुऱ्हाळ, सगळं या आणि अशा पाण्यावर. माझ्या मुलाला ते पाणी शांत पडलेलं दाखवायचं होतं, कारण पुरानंतर तो रात्री दचकून उठायचा. तो काठावर बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "एवढंच आहे होय." मला तेवढंच हवं होतं. दाजींच्या हिशेबात ती पाऊण तास वाया गेलेली वेळ.

तिथून दाजीपूरपर्यंत तलावाच्या कडेने रस्ता जातो, मग जंगल दाट होतं. गवा दिसला नाही. तो दुपारचा सहसा दिसत नाही, पहाटे किंवा दिवस बुडताना रस्त्यापर्यंत येतो. हे जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. घाटमाथ्यावर गार वारा, आणि तासाभरात खाली फोंड्यात उतरलो तर शर्ट अंगाला चिकटलेले, माती लाल, परसात माड आणि सुपारी.

मालवणात पोचलो पावणेचारला. खानावळीत स्वयंपाकघर आवरलं होतं. दाजी तेव्हा जे गप्प झाले, ते आजही कुठल्याही लग्नात भेटले की "तुझ्यामुळे मालवणची थाळी हुकली" हेच काढतात. थाळी हुकली नाही. रात्री आठला आम्ही सगळे जेवलो: तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी. आणि पहिल्याच घासाला मोठी भाची म्हणाली, "हे खोबरं आजीच्या खोबऱ्यासारखं नाही." बरोबर होतं तिचं. वर आम्ही सुकं खोबरं भाजतो, खाली ओला नारळ वाटतात. वर ज्वारी, खाली तांदूळ. सकाळी आत्तीकडे जेवली नसती तर बारा वर्षांच्या पोरीला हे कशावरून कळलं असतं? दाजी, हे तुम्ही वाचत असाल तर याचं उत्तर द्या.

म्हणून तुम्हाला सांगतो, थेट मालवण गाठू नका. दुपारचं जेवण राधानगरीत घ्या. बुधवार, शुक्रवार किंवा रविवार असेल तर मटण ताजं मिळतं. छोट्या खानावळीत आधी सांगून ठेवा, भाकऱ्या समोर थापून देतात, आणि पांढरा आहे का हे विचारूनच बसा. शाकाहारी असाल तर झुणका, खर्डा, भाकरी, दही.

दोन गोष्टी राहिल्या. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, तेव्हा भोगावतीच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि पुष्कळांना मागे दिवाच नसतो. आणि घाटात दरड किंवा रस्त्याचं काम नाही ना, हे निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. फोंडा बंद असेल तर आंबोलीने जा.

मालवणात राहायचं कुठे ते मी सांगू शकत नाही, आम्ही मावसभावाकडे उतरलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीला मात्र सकाळीच जा, उन्हं चढली की पोरं कंटाळतात.

यंदा पुन्हा चाललोय, डिसेंबरातच. आत्ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे, चूल तीच पेटवते. ताईने यायचं कबूल केलंय. दाजींना मी फोन केला आणि आधीच सांगितलं, निघायची वेळ सात आणि पोचायची वेळ नाही.