टेबलापासून एक दिवस दूर

चि. मित्रास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पोकर खेळताना एक्क्यांची जोडी हातात असूनही शेवटच्या पत्त्यावर डाव गेला आणि त्यानंतर पहाटे चारपर्यंत तू उठलाच नाहीस, हे तू काही न लपवता लिहिलेस याचे मला बरे वाटले. समोर राजांची जोडी असली तरी एक्के पाचांत साधारण एकदा हरतात, हे गणित तुला पाठ आहे. पण त्या रात्री ते आठवायला डोके ताजे राहिले नव्हते. हरल्याच्या रागात भान सुटून खेळत राहणे, खेळणारे ज्याला टिल्ट म्हणतात, ते हेच.

एक दिवस बाहेर भटकून आल्याने खेळात काय फरक पडणार, असे तू विचारतोस. समोरासमोर बसून खेळताना तासाला जेमतेम २५ ते ३० डाव होतात. ऑनलाइन एकेका टेबलावर ६० ते ७० होतात आणि तू चार टेबले एकदम उघडतोस. म्हणजे तासाभरात अडीचशेच्या आसपास डाव, आणि त्या प्रत्येकात पत्ते टाकून डाव सोडायचा, समोरच्याइतके पैसे लावायचे की वाढवायचे, याचा निर्णय काही सेकंदांत! त्यात बरोबर खेळूनही पैसे जातात आणि चुकीचे खेळूनही येतात. आपण नीट खेळतो आहोत की नाही हे कळायला हजारो डाव जावे लागतात. डोंगराच्या चढावर असे नसते. तिथे पाऊल नीट ठेवले तर ते टिकते, निसरड्या दगडावर ठेवले तर लगेच समजते, आणि तासभर चाललास तर तासभराची वाट मागे पडलेली तुला वळून दिसते. केल्याचे फळ इतक्या सरळपणे मिळण्याची सवय तुझ्या मनाला पुन्हा लागावी, एवढ्यासाठीच मी तुला जा म्हणतो आहे.

माझा पहिला असा दिवस मात्र वाया गेल्यातच जमा होता. अर्धी चढण मी आदल्या रात्रीचा एकच डाव मनात खेळत होतो. मग ओढ्याकाठी बसलो असता एक मुंगी आपल्याहून मोठा पंखाचा तुकडा ओढत दगडावर चढताना दिसली. तो तुकडा वाऱ्याने फिरला की तीही त्याच्याबरोबर फिरायची आणि पुन्हा वर निघायची. किती वेळ पाहत होतो कोण जाणे, पण उठलो तेव्हा तो डाव डोक्यातून गेलेला होता.

दिवस मात्र आधीच ठरव. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी रागाने निघू नकोस, कारण तसा गेलास तर वाटेभर परत येऊन वसुली कशी करायची याचाच विचार करशील. सकाळी लवकर नीघ. उजेड अंगावर पडला की रात्रीच्या जागरणाने बिघडलेली झोपेची वेळ सावरायला मदत होते, आणि हातभर अंतरावरच्या पडद्याला खिळलेल्या डोळ्यांना दूरवर पाहताना खरा आराम मिळतो. फोन लागेलच, तो पिशवीच्या तळाशी असू दे, पण खेळाचे ॲप आदल्या रात्रीच काढून टाक. परतल्यावर त्या रात्री टेबल उघडायचे नाही, ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. दमलेल्या शरीराला आलेली झोप हीच त्या दिवसाची कमाई असते आणि ती बहुतेक जण घरी आल्यावर तासाभरात घालवून बसतात.

एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो, रागावू नकोस. तो एक दिवसही खेळल्याशिवाय काढवत नसेल, किंवा गेलेले पैसे भरून काढण्यासाठी उसने घेतलेले पैसे तू लावत असशील, तर सहलीने भागणार नाही. तसे असेल तर घरातल्या कुणाला तरी सांग, समुपदेशकाकडे जा, आणि एकट्याने जाववत नसेल तर मी बरोबर येईन.

तसे नसेल, तर येत्या आठवड्यातला कोणता वार ठरवलास तेवढे उलट टपाली कळव.

तुझा हितचिंतक