वाचक विचारतात : ऑस्ट्रेलियाला निघण्याआधी नकाशा उघडा

मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या पुणेकर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सहा जण १४ रात्रींसाठी जाणार आहोत. आई-बाबा सत्तरीचे आहेत, मुलं ९ आणि १३ वर्षांची. ट्रॅव्हल एजंटने मेलबर्न, सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, उलुरू आणि पर्थ असा कार्यक्रम आखून दिला आहे. धावपळ होईल का? (कोथरूड)

उत्तर : होईल. शिवाय सुट्टीचा मोठा भाग विमानतळावरच जाईल. हा देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे. सिडनीहून पर्थचं हवाई अंतर सुमारे ३,३०० किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी. विमानाला पाच तास लागतात. एजंटच्या कागदावर ही एक ओळ असते, तुमच्या सुट्टीतला तो एक अख्खा दिवस असतो.

हिशेब असा करा. दीड तासाचं विमान असलं तरी हॉटेल सोडणं, विमानतळावर पोचणं, बॅगा देणं, पलीकडे उतरून त्या घेणं आणि नव्या हॉटेलात खोली मिळणं यात पाच ते सहा तास मोडतात. सहा ठिकाणं म्हणजे अशा पाच उड्या. त्यात पोचण्याचा दिवस धरला, तर चौदापैकी सहा दिवस सामान ओढण्यात गेले.

पर्थ आधी कापा. मग गोल्ड कोस्ट आणि उलुरू (मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला प्रचंड लाल कातळ) यांतलं एक. गोल्ड कोस्टला मुख्यतः थीम पार्क आणि समुद्रकिनारा आहे. मुलं हटून बसली असतील तर ते ठेवा, नाहीतर उलुरूसारखं दुसरं काही जगात नाही. आमचं मत : मेलबर्न ४ रात्री, उलुरू २, केर्न्स ४, सिडनी ४. जाण्याचं तिकीट मेलबर्नचं आणि परतीचं सिडनीहून घ्या (बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ निवडायचं). त्याच शहरातून परतीचं तिकीट काढलं की शेवटी तिथवर जायला आणखी एक विमान विकत घ्यावं लागतं, आणि ही चूक फार जण करतात. उलुरूची विमानं सगळ्या शहरांतून रोज नसतात. म्हणून आधी उलुरूला जायची आणि तिथून निघायची तारीख पक्की करा, बाकीची तिकिटं त्याभोवती बसवा.

मे निवडलात ते चांगलं केलंत. तिथे तेव्हा शरद ऋतू संपत आलेला असतो. मध्य भाग आणि उत्तर भाग फिरायला हाच काळ उत्तम. पण कपडे तीन तऱ्हांचे लागतील. मेलबर्नमध्ये दुपारी १७ अंशांच्या आसपास आणि वारा, उलुरूला दिवसा चोवीसेक पण पहाटे दहाच्या खाली, केर्न्सला मात्र २८. आई-बाबांचा स्वेटर आणि कानटोपी हातातल्या पिशवीत असू द्या.

स्वस्त विमान कंपन्यांचा एक काच असतो. हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलो. त्यात पर्स आणि लॅपटॉपही धरतात, आणि विमानात चढायच्या दारापाशी वजन करतात. बॅगेचे पैसे तिकिटासोबतच भरा, ऐनवेळी कितीतरी जास्त पडतात. आणि मेलबर्नला विमानतळ दोन आहेत : टुलामरीन शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, तर अ‍ॅव्हलॉन पन्नासच्या वर, जिलाँगकडे. तिकीट स्वस्त दिसलं की कोणता ते आधी बघा.

प्रश्न : अ‍ॅलिस स्प्रिंग्जला उतरून भाड्याच्या गाडीने उलुरूला जाणं स्वस्त पडेल का? पुण्याचं लायसन्स चालतं का? आणि उलुरूवर चढता येतं का? (औंध)

उत्तर : शेवटचं आधी. चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंद आहे. तिथल्या आनंगू या मूळ रहिवाशांसाठी ते पवित्र स्थान आहे. काही भागांचे फोटो काढायलाही मनाई असते. तशा पाट्या लावलेल्या आहेत, त्या पाळा.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे ‘उलुरूच्या जवळचं गाव’ म्हणून सगळीकडे लिहिलेलं असतं. हे जवळ म्हणजे सुमारे ४५० किलोमीटर. दक्षिणेकडे स्टुअर्ट हायवेने २०० किलोमीटरवर एर्ल्डुंडा लागतं. तिथे उजवीकडे लॅसेटर हायवेला वळायचं, की पुढे जवळजवळ २४५ किलोमीटरवर युलारा, म्हणजे उलुरूजवळची वसाहत. न थांबता पाच तास. एर्ल्डुंडाला टाकी भरून घ्या, अर्धी भरलेली असली तरी. त्यानंतर कर्टिन स्प्रिंग्जला पंप आहे, मधे मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि माणशी निदान चार-पाच लिटर पाणी गाडीत ठेवा.

कर्टिन स्प्रिंग्जच्या आधी डाव्या हाताला सपाट माथ्याचा एक प्रचंड डोंगर दिसतो आणि सगळे गाडी थांबवून फोटो काढतात. तो उलुरू नव्हे, माउंट कॉनर. उलुरू अजून शंभर किलोमीटर लांब असतो.

स्वस्ताईचं म्हणाल तर भाड्याच्या करारात दोन ओळी शोधा. पहिली, रोजचे किती किलोमीटर फुकट आहेत. या भागात बऱ्याच कंपन्या १०० किलोमीटरची मर्यादा घालतात, पुढे प्रत्येक किलोमीटरला पैसे. जाऊन-येऊन नऊशे धरा म्हणजे आकडा कळेल. दुसरी, सूर्यास्तानंतर प्राण्याला धडक बसली तर विमा लागू आहे का. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू डांबरावर येतात, दिव्याच्या झोतात थिजून उभे राहतात. म्हणून इथे अंधारात गाडी चालवायचीच नाही. मेमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सकाळी नऊच्या आत सोडा. पन्नास मीटरहून लांब असे ट्रेलर ओढणारे ट्रक, ज्यांना तिथे ‘रोड ट्रेन’ म्हणतात, त्यांना ओव्हरटेक करताना समोर किमान एक किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे.

महाराष्ट्राचं लायसन्स कार्ड इंग्रजीत असल्याने पर्यटकाला ते चालतं. तरी संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. एक वर्ष चालतो आणि काउंटरवरचा वाद वाचतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

तुम्ही दोघंच असाल तर सरळ युलाराला उतरा. तिथे बहुतेक सगळी हॉटेलं एकाच रिसॉर्टची आहेत, त्यामुळे दर चढे. कमी खर्चात तिथलंच कॅम्पग्राउंड. उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करता येत नाही. उद्यानाचा पास तीन दिवसांचा असतो, १८ वर्षांखालच्यांना फुकट. उलुरूभोवतीची फेरी १०.६ किलोमीटरची, सपाट, साडेतीन तासांची. गुडघे दुखणाऱ्यांनी मुटिजुलू पाणवठ्याची एक किलोमीटरची वाट धरावी. कातळाची सावली आणि शांतता दोन्ही तिथे जास्त आहे. माश्यांपासून वाचायला तोंडावर घ्यायची जाळी पहिल्याच दुकानातून घ्या. थंडीत माश्या कमी असतात, पण ऑक्टोबरनंतर जाळीवाचून बोलायला तोंड उघडता येत नाही.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत केर्न्सहून ग्रेट बॅरियर रीफ बघायचा आहे. मला पोहता येत नाही. जेलीफिशची भीती खरी आहे का? (पिंपळे सौदागर)

उत्तर : खरी आहे. नोव्हेंबर ते मे हा तिथला ‘स्टिंगर सीझन’. बॉक्स जेलीफिश किनाऱ्याजवळ असते. इरुकांजी ही दुसरी जात तर नखाएवढी, पाण्यात दिसतही नाही आणि किनाऱ्यावर बांधलेल्या जाळीतूनही आत येते. बोटीवर अंगभर लायक्राचा सूट देतात. तो हातमोज्यांसकट आणि टोपी वर ओढून घाला, उघडी चामडी जेवढी कमी तेवढं बरं. दंश झालाच तर वर व्हिनेगर ओततात. त्यासाठी बाटल्या किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. चोळायचं नाही.

केर्न्स शहराला पोहण्याजोगा किनारा नाही, चिखल आहे आणि मगरींच्या पाट्या आहेत. पोहायचं ते एस्प्लनेडवरच्या फुकट तलावात.

पोहता न येणाऱ्यांनी पाण्यावर तरंगता धक्का बांधलेल्या मोठ्या बोटीचं तिकीट घ्यावं. तिथे पायऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरता येतं, काचेच्या तळाची बोट असते, फ्लोट धरून मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. साठीच्या पुढच्यांना आणि हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना फॉर्मवर ते लिहावं लागतं. लपवू नका, लिहिलं की वेगळा फ्लोट देतात आणि तुमच्यावर नजर ठेवतात. बाहेरच्या रीफला पोचायला दीड ते दोन तास लागतात. उलटीची गोळी बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्या. बसायचं खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, आणि नाश्ता हलका. स्कूबा केलंत तर पुढचे १८ ते २४ तास विमान नको, म्हणून रीफ शेवटच्या दिवशी ठेवू नये. वेळ अगदी कमी असेल तर पाऊण तासावरचं ग्रीन आयलंड पुरे.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला असतो. पेढे, बेसनाचे लाडू, बाकरवडी, गोडा मसाला, कढीपत्ता काय काय नेता येईल? (सिंहगड रस्ता)

उत्तर : पेढे, बर्फी, गुलाबजाम, दूध-तूप असलेलं सगळं घरीच ठेवा. भारतात जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग असल्याने दुधाचे पदार्थ अडवतात. लाडवांत तूप म्हणजे तेही आलंच. ताजा कढीपत्ता, फुलं, नारळ, बी-बियाणं, तांदूळ नको. बाकरवडी, चिवडा, दळलेला गोडा मसाला हे कंपनीच्या सीलबंद पाकिटात, घटक छापलेले असतील तर बहुधा जातं. घरच्या डब्यातलं किंवा जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं कितीही चांगलं असलं तरी अधिकाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही, आणि ते कचऱ्यात जातं.

महत्त्वाचं असं : विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे ‘हो’वर खूण करा. जाहीर केलेली वस्तू चालत नसली तर ती फक्त काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड हजारो डॉलरांत जातो, व्हिसावरही गदा येऊ शकते. सगळे पदार्थ एकाच पिशवीत, बॅगेत वरच ठेवा, म्हणजे रांगेत साड्या उपसाव्या लागत नाहीत. सिंहगडावर वापरलेले बूट न्यायचे असतील तर तळव्यांतली माती ब्रशने काढा, ते कार्डावरही लिहायचं असतं. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या.

आणि मेलबर्नच्या डँडेनाँग किंवा टार्नीट या उपनगरांत भारतीय किराणा भरपूर मिळतो. बॅगेतली जागा मुलाला तिथे न मिळणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा.

प्रश्न : मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड एका दिवसात होतो का? (बिबवेवाडी)

उत्तर : होतो, पण मेमध्ये सव्वापाचला अंधारतं हे विसरून लोक निघतात. टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत २४० किलोमीटरचा हा वळणांचा रस्ता आहे. एकच दिवस असेल तर सकाळी सातला आतल्या कोलॅकच्या रस्त्याने थेट ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ गाठा, तीन तास लागतात. किनाऱ्याने येणाऱ्या सहलींच्या बस तिथे दुपारी पोचतात. मग किनाऱ्याच्या रस्त्याने उजेड असेतोवर परत. नावात बारा असले तरी खडक कधीच बारा नव्हते. एक २००५ साली कोसळला, आता सात-आठच उरलेत. अपोलो बेला एक रात्र काढलीत तर चालवणाऱ्यालाही समुद्र दिसेल.

प्रश्न : सिडनी ते पर्थ रेल्वेने गेलो तर पैसे वाचतील? (सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. ‘इंडियन पॅसिफिक’ ४,३५२ किलोमीटर जाते, तीन रात्री लागतात, वाटेत नलारबोरच्या माळावर ४७८ किलोमीटर रूळ एका सरळ रेषेत आहेत. पण ती चैनीची गाडी आहे, जेवणखाणासह. भाडं विमानाच्या कित्येक पट. रेल्वेचीच हौस असेल तर सिडनी–मेलबर्नची साधी एक्सपीटी घ्या : दिवसाची आणि रात्रीची अशा दोन गाड्या, सुमारे ११ तास. रात्रीच्या गाडीत झोपायच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे तारीख ठरताच आरक्षण करा.