जुन्या फायबरच्या होडीला कोकणात संग्राहक किती किंमत देतात?

रत्नागिरीजवळ वडिलांची जुनी फायबरची होडी शाकारून ठेवली आहे, तिला संग्राहक किती पैसे देतील, या आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की केवळ जुनेपणासाठी आपल्या किनाऱ्यावर तिला जादा किंमत मिळणार नाही. येथे भाव ठरतो तो सांगाड्याच्या मजबुतीवर, इंजिनावर आणि कागदपत्रांवर. जुन्या फायबर होड्यांचे हौशी संग्राहक मुख्यतः अमेरिकेत आहेत, आणि तेही १९५० च्या दशकातील, मागे मोटारीसारखे पंख काढलेल्या होड्या किंवा १९५८ पासून निघालेल्या ‘बोस्टन व्हेलर’सारख्या नामांकित बनावटीच शोधतात, त्यांतल्याही साध्या नगाला बहुधा काही हजार डॉलरच मिळतात, कारण खरा मान लाकडी होड्यांना आहे. मी देवगड-मालवण पट्ट्यात होड्यांची दुरुस्ती करतो, त्या अनुभवावरून सांगतो, की जाणकार गिऱ्हाईक प्रथम इंजिन बसते ती मागची फळी बोटांच्या पेरांनी वाजवून पाहते. आवाज बद्द आला, तर फायबरच्या आतील प्लायवूड पाणी पिऊन कुजलेले असण्याचा दाट संभव असतो आणि भाव तिथेच पडतो. त्यानंतर तळाच्या जेलकोटवरचे (फायबरवरील गुळगुळीत बाहेरच्या थरावरचे) फोड व नोंदणीचा दाखला तपासला जातो. अपवाद एवढाच, की होडी परदेशी बनावटीची असून कारखान्याची मूळ नाव-क्रमांकाची पट्टी शाबूत असेल, तर तिच्यात एखाद्या संग्राहकाला रस असू शकतो, म्हणून रंग देण्यापूर्वी त्या पट्टीचे छायाचित्र अवश्य काढून ठेवावे.